कोणाला विचारून?

रात्री सव्वादोनच्या सुमाराला जिन्यात पाण्याचा आवाज सुरू झाला. अर्धवट झोपेत आधी पाऊस वाटला. मग जाणवलं की पाऊस असा एकाच जागी, एकाच सुरात पडत नसतो. दार उघडलं, तर जिन्यालगतचा जाडा पाइप सांध्यापाशी फुटला होता आणि पाणी भिंतीवरून, पायऱ्यांवरून, कठड्याखालून, मिळेल त्या वाटेने खाली निघालं होतं. ओल्या सिमेंटचा आणि गंजाचा मिसळलेला वास सगळीकडे भरून राहिला होता. प्रत्येक मजल्यावर दार उघडं, प्रत्येक दारात एक माणूस, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. कोणी टॉर्च मारत होतं, कोणी व्हिडिओ काढत होतं, कोणी प्लंबरला फोन लावत होतं आणि प्लंबर अर्थातच झोपला होता. तळमजल्यावर सगळ्या इमारतीच्या वीजमीटरांची खोली आहे. “मीटरपर्यंत जाईल हं पाणी,” असं कोणीतरी मोठ्याने म्हणालंसुद्धा. म्हणजे धोका कुठून निघालाय आणि कुठे चाललाय, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. तरी जवळजवळ अर्धा तास आम्ही आपापल्या उंबऱ्यात उभे राहून एकमेकांना तो समजावून सांगत होतो.

शेवटी वर गेली ती महिन्याभरापूर्वी राहायला आलेली भाडेकरू मुलगी. अनवाणीच गच्चीवर चढली, टाकीखाली वाकून लाल चाकाचा व्हॉल्व्ह फिरवला आणि ओल्या पायांनी उतरून आपल्या खोलीत निघून गेली. आवाज बारीक होत होत थांबला. आम्हीही दारं लावली.

सकाळी जिन्यात पहिला प्रश्न ऐकू आला तो चौथ्या मजल्यावरच्या काकांचा. “व्हॉल्व्ह कोणी बंद केला? आणि कोणाला विचारून?” त्यांच्या नळाला पाणी नव्हतं आणि त्यांना लवकर निघायचं होतं. मुलगी म्हणाली, “सॉरी काका, मीच केला.” आम्ही चार-पाच जण तिथेच उभे होतो. कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. खरी गोम पुढेच आहे: तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे मला माहीत होतं. गच्चीवर कित्येकदा त्याच्या शेजारून गेलो आहे. रात्री तो मला आठवलाही होता. मग मनात आलं, वरच्या लोकांचं पाणी जाईल, आपण कोण बंद करणारे, ज्यांच्याकडे ते काम असेल ते करतीलच. ते काम कोणाकडे आहे, हा प्रश्न मला त्या अर्ध्या तासात पडला नव्हता. पडला तो दुसऱ्या दिवशी, आणि मग डोक्यातून जाईना.

‘कोणाला विचारून’ या शब्दांनी मला सरळ १९८३ सालात नेलं. २६ सप्टेंबरची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मॉस्कोच्या दक्षिणेला एका लष्करी तळावर स्तानिस्लाव पेत्रोव्ह हा अधिकारी पाळीवर होता. उपग्रहांकडून येणाऱ्या इशाऱ्यांवर नजर ठेवायचं त्याचं काम. पडद्यावर आलं की अमेरिकेहून क्षेपणास्त्र सुटलं आहे. मग आणखी एक, असं करत पाच. कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडून चारच आठवडे होत होते आणि दोन्हीकडची मनं तापलेली होती. पेत्रोव्हने विचार केला की युद्ध सुरू करायचं तर कोणी पाच क्षेपणास्त्रांनी करत नाही, आणि वरिष्ठांना कळवलं की हा खोटा इशारा आहे. तसं ठामपणे सांगण्याइतकी माहिती त्याच्याजवळ नव्हती. नंतर निघालं ते एवढंच, की उंचावरच्या ढगांवर चमकलेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्रांच्या ज्वाळांसारखं दिसलं होतं. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला तिच्यातला आवडतो तो पुढचा भाग. चौकशीत पेत्रोव्हला बोल लावला गेला तो नोंदवही नीट न भरल्याबद्दल! एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात इंटरकॉम, लिहायला तिसरा हात कुठून आणणार, अशा अर्थाचं तो पुढे सांगत असे. पूर्वी हे वाचून मी हसलो होतो. जिन्यातल्या त्या सकाळनंतर हसू येत नाही, कारण वही मागणाऱ्यांच्या बाजूला मीही उभा होतो.

पण वहीची टिंगल फार लांबवता येत नाही. १९७९च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरातल्या एका लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्सचे जंतू हवेत सुटले आणि साठाहून अधिक माणसं मेली. सरकारने सांगितलं, दूषित मांस खाल्लं म्हणून. खरं काय ते कबूल व्हायला १९९२ उजाडलं. सोव्हिएत जैविक शस्त्रांच्या कार्यक्रमात वरच्या पदावर असलेल्या एका शास्त्रज्ञाने पुढे लिहिलं की हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवरचा फिल्टर बदलण्यासाठी काढला होता, तशी चिठ्ठी कोणीतरी लिहून ठेवली होती, पण पाळीच्या नोंदवहीत ते चढवलं गेलं नाही. पुढच्या पाळीने वही पाहिली, वहीत काही नव्हतं, यंत्रं सुरू झाली.

१९९५मध्येही तेच. २५ जानेवारीला नॉर्वेतून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक रॉकेट सुटलं. शास्त्रज्ञांनी आधी रीतसर पत्रं पाठवली होती, रशियालासुद्धा. पत्र पोचलंही होतं. फक्त ते जिथे पोचलं तिथून रडारसमोर बसलेल्या माणसांपर्यंत गेलं नाही. रडारवाल्यांना ते पाणबुडीतून सुटलेल्या क्षेपणास्त्रासारखं दिसलं आणि रशियाचे अध्यक्ष येल्तसिन यांच्यासमोर अण्वस्त्रं डागायचा हुकूम देण्याची पेटी उघडली गेली. काही मिनिटांत रॉकेटची दिशा लक्षात आली आणि पेटी मिटली. शीतयुद्ध तोवर संपलं होतं. शत्रुत्वही नावापुरतंच उरलं होतं. नडलं ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न सरकलेलं पत्र.

लहानपणी ‘जगाचा कारभार’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एक भलंमोठं गोल टेबल यायचं, झेंडे, कानांना लावलेली यंत्रं, गंभीर चेहरे. आता तसं काही येत नाही. आता सायकलवरचा पोऱ्या येतो. १९६२च्या क्यूबा पेचप्रसंगात वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत राजदूताला मॉस्कोशी बोलायचं तर सांकेतिक लिपीतली तार करावी लागे. ती घ्यायला तार कंपनीचा एक तरुण सायकलवरून वकिलातीत येई. हा पठ्ठ्या वाटेत कुठे गप्पा मारत थांबू नये, अशी प्रार्थना आम्ही करायचो, असं त्या राजदूतांनी, दोब्रिनिन यांनी, आपल्या आठवणींत सांगितलं आहे. दोन देश एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले आणि त्यांच्यातला संवाद एका पोऱ्याच्या पायडलांवर! पेचप्रसंगाचे ते तेरा दिवस सरल्यावर दोघांनाही घाम फुटला असणार, कारण जून १९६३मध्ये जिनिव्हात करार होऊन थेट तारयंत्राची लाइन टाकायचं ठरलं. लाल टेलिफोन वगैरे सिनेमावाल्यांनी आणला. खरी होती ती खडखडणारी टंकयंत्रं, मुद्दाम निवडलेली, कारण बोलण्यात घाईने काहीतरी निसटतं आणि लिहिताना माणूस क्षणभर थांबतो. लाइन चालू आहे ना हे पाहायला दर तासाला चाचणीचा मजकूर पाठवायचा असा नियम होता, आणि मजकुरात राजकारण येऊ द्यायचं नाही म्हणून साहित्यातले उतारे पाठवले जात. तासामागून तास, वर्षामागून वर्षं. ज्या माणसाने आयुष्यभर ते उतारे टाइप केले असतील त्याला घरी कोणी विचारलं, आज काय केलं, तर तो काय सांगत असेल?

आईच्या दंडावर देवीच्या लशीची खूण होती. बोटाच्या टोकाएवढी, जराशी खोलगट, भोवतालच्या कातडीपेक्षा गुळगुळीत. लहानपणी झोप लागेपर्यंत मी तिच्यावरून बोट फिरवत असे. माझ्या दंडावर ती खूण का नाही, हे विचारल्यावर ती म्हणाली होती, “आता देवी राहिली नाही.” मला वाटलं ती कुठेतरी गेली. आजार असा संपवता येतो, बैठका घेऊन आणि कागद रंगवून संपवता येतो, हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली. १९५८मध्ये व्हिक्टर झ्दानोव्ह या सोव्हिएत डॉक्टरने जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत देवी जगातून नाहीशी करण्याचा ठराव मांडला. तो ज्या शहरात मांडला ते शहर अमेरिकेतलं होतं. १९६७पासूनच्या जोरदार मोहिमेचं नेतृत्व अमेरिकी डॉक्टरकडे आणि लशीचा प्रचंड साठा सोव्हिएत संघाकडून, अशी ती वाटणी. तिकडे क्षेपणास्त्रांची मोजदाद चालू होती आणि इकडे त्याच दोन देशांची माणसं एकाच नकाशावर टाचण्या टोचत होती. १९७७मध्ये सोमालियात अली माओ मालिन या इस्पितळातल्या स्वयंपाक्याला झालेली देवी ही निसर्गतः झालेली शेवटची. ८ मे १९८० रोजी जाहीर झालं की ती राहिली नाही.

म्हणजे आईचं म्हणणं खरं होतं. जवळजवळ.

विषाणूचे अधिकृत साठे दोनच ठिकाणी ठेवायचे ठरलं, एक अमेरिकेत आणि एक रशियात. ते नष्ट करायच्या तारखा ठरत गेल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. मग जुलै २०१४मध्ये वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत आवराआवर चालली असताना थंड खोलीत पुठ्ठ्याचं एक खोकं सापडलं. आत १९५०च्या दशकातल्या कुप्या होत्या. सहांवर देवीच्या विषाणूचं नाव होतं. तपासल्यावर त्यातल्या दोन कुप्यांतला विषाणू जिवंत निघाला. सारं जग समजत होतं की हे जगात फक्त दोन जागी आहे. खोकं मात्र कपाटाच्या मागच्या डब्यासारखं निवांत पडून होतं.

जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७२चा, अमलात आला १९७५ला. एका पूर्ण जातीच्या शस्त्रांवर बंदी घालणारा तो पहिलाच करार. स्वेर्दलोव्स्कची गळती झाली तेव्हा सोव्हिएत संघ त्या कराराचा सदस्य होता, सदस्यच कशाला, करार ज्या तीन राजधान्यांत जपून ठेवायचा होता त्यातली एक मॉस्को होती. करारात बंदी आहे, पण कोणी पाळतंय का हे जाऊन बघायची व्यवस्था नाही. ती जोडायचे प्रयत्न वर्षानुवर्षं चालले आणि २००१मध्ये अमेरिकेने मसुदा नाकारल्यावर थांबले. रासायनिक शस्त्रांच्या कराराकडे द हेगमध्ये स्वतःची संघटना आहे, निरीक्षक आहेत, नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. जैविक कराराकडे जिनिव्हात एक छोटं कार्यालय आहे, त्यातली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आमच्या इमारतीच्या साध्या बैठकीला त्याहून जास्त लोक जमतात, भांडायला का होईना.

याचा अर्थ सगळीकडे अंधार आहे असं मला म्हणायचं नाही. उलट कधीकधी तर मला चकितच व्हायला होतं. १९८५मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला पडत चाललेल्या भोकाची माहिती छापली आणि दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ला, माँट्रियलमध्ये ते भोक पाडणाऱ्या वायूंना आवर घालणारा करार झाला. विज्ञान तेव्हा पूर्णपणे पक्कं झालेलं नव्हतं, तरी थांबले नाहीत. नुसता उपदेश करूनही थांबले नाहीत. गरीब देशांना नवं तंत्र परवडावं म्हणून १९९०मध्ये निधी उभारला, कराराबाहेर राहणाऱ्यांशी त्या वायूंचा व्यापार बंद केला, आणि ठरलेली कपात पुढे वाढवायची असेल तर दोन तृतीयांश मतांनी ती सगळ्यांना लागू करता येईल अशी तरतूद ठेवली. ‘एकाने नाही म्हटलं की सगळं अडलं’ हे त्यांनी पहिल्याच दिवशी टाळलं. सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्यांपैकी एकाचा नकाराचा हात वर झाला की उरलेल्या जगाने गप्प बसायचं असतं, त्याच्याशेजारी ठेवून हे पाहावं. पण माझी खरी दाद जाते ती तपासणीसाठी हवेच्या बाटल्या भरणाऱ्यांना. २०१०नंतर जगात कुठेच बनू नये असा, त्या वायूंपैकीच एक, सीएफसी-११ हा वायू हवेत अपेक्षेइतका कमी होत नाही, हे २०१८मध्ये त्यांच्या लक्षात आलं. कोरिया आणि जपानमधल्या ठाण्यांच्या नोंदी पाहून पुढच्या वर्षी माग पूर्व चीनपर्यंत लागला. कोणी युद्ध पुकारलं नाही, आकडे समोर ठेवले. थोड्याच काळात उत्सर्जन पुन्हा उतरलं. कुठल्यातरी बेटावर किंवा डोंगरमाथ्यावर नेमाने बाटलीचं तोंड उघडून हवा भरणारा माणूस त्या दिवशी जगाचा कारभार चालवत होता, असं मला वाटतं. त्याला तसं वाटलं असेल का, शंका आहे.

अशनींचंही तसंच. २०२४ वाय-आर-४ नावाचा साधारण ६० मीटरचा दगड २०३२च्या डिसेंबरात पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्यापुढे गेली, तेव्हा कोणाला कळवायचं, कुणी कळवायचं, हे आधीच ठरलेलं होतं. २०२५च्या जानेवारीअखेर इशारा गेला. फेब्रुवारीत शक्यता तीन टक्क्यांवर चढली आणि आणखी निरीक्षणं झाल्यावर जवळजवळ शून्यावर उतरली. लोकांनी दोन दिवस विनोद केले आणि विसरले. छान झालं. यंत्रणा चालते तेव्हा असंच कंटाळवाणं वाटायला हवं.

महासाथीच्या वेळी मात्र आपण उंबऱ्यातच उभे होतो. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. तिच्या नियमांत घंटा वाजवायची तेवढीच सोय होती आणि ती तिने वाजवली. चीनबाहेर तेव्हा शंभरही रुग्ण नव्हते, मृत्यू एकही नव्हता. पुष्कळ देश खडबडून उठले ते ११ मार्चला, जेव्हा ‘महासाथ’ हा शब्द उच्चारला गेला. त्या शब्दाला नियमांत काही वजनच नव्हतं. मधले सहा आठवडे आपण टॉर्च मारत होतो आणि व्हिडिओ काढत होतो. संघटनेला मी नंतर मनसोक्त नावं ठेवली. देशांच्या नेमून दिलेल्या वर्गणीतून तिच्या खर्चाचा पाचवा हिस्साही भागत नव्हता आणि बाकीचा पैसा बहुतांशी देणाऱ्याच्या मर्जीने, त्याने सांगितलेल्या कामालाच वापरायचा होता, हे मला त्यानंतर कळलं. पहारेकऱ्याला पगार द्यायचा नाही आणि चोरी झाली की त्याची गचांडी धरायची, असलाच हा प्रकार.

मे २०२५मध्ये महासाथीचा नवा करार मंजूर झाला. आधी समितीत मतदान झालं तेव्हा १२४ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, ११ देश तटस्थ. विषाणूंचे नमुने देणाऱ्यांना त्यातून बनणाऱ्या लशींचा किती वाटा मिळणार, हा कळीचा भाग मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडला. आणि करारातच स्पष्ट लिहिलं, की संघटनेच्या सचिवालयाला कोणत्याही देशाला टाळेबंदी करा, लस सक्तीची करा असा हुकूम देता येणार नाही. हे वाचून मी चिडलो. मग लगेच मनातल्या मनात विचारलं, तसा हुकूम देणारा हात मला हवा आहे का? सगळ्या इमारतींचे सगळे व्हॉल्व्ह एकाच माणसाच्या हातात? तो माणूस कोण असेल, त्याला कोण काढणार, त्याने चुकून नव्हे तर मुद्दाम पाणी तोडलं तर? काकांचा ‘कोणाला विचारून’ हा प्रश्न त्या सकाळी कृतघ्न होता. पण मुळात तो चुकीचा प्रश्न आहे असं मला म्हणवत नाही. विचारायचं कोणाला हे आधी ठरलेलं असतं, तर पोरीला सॉरी म्हणावं लागलं नसतं आणि काकांनाही ओरडावं लागलं नसतं. नव्या यंत्रबुद्धीच्या, म्हणजे एआयच्या, बाबतीत तर आपण अजून पाइप कुठून कुठे गेलेत हेच पाहत आहोत. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कला २८ देशांनी आणि युरोपीय संघाने मोठा धोका संभवतो एवढ्यावर एकत्र सही केली, त्यात अमेरिका होती, चीनही होता. “मीटरपर्यंत जाईल हं पाणी,” इथवर आपण आलो आहोत.

आणि असलेली चाकं गंजतातही. अमेरिका आणि रशिया वर्षाला प्रत्येकी अठरा वेळा एकमेकांच्या अण्वस्त्रांच्या तळांवर जाऊन प्रत्यक्ष मोजणी करू शकत, अशी तरतूद त्यांच्या २०१०च्या करारात होती. महासाथीमुळे २०२०च्या मार्चमध्ये त्या भेटी थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. २०२३मध्ये रशियाने करारातला सहभाग स्थगित केला. मुदत ५ फेब्रुवारी २०२६पर्यंतच होती.

आमच्याकडे त्या रात्रीनंतर बैठक झाली, हे सांगायचं राहिलं. दीड तास चालली, त्यातला सव्वा तास पाइपाच्या खर्चावर. शेवटी जिन्यात एक कागद लागला, ‘आणीबाणीत संपर्क’, खाली तीन नावं. पहिलं नाव ज्यांचं, ते आता दुसरीकडे राहायला गेले. तिसऱ्याचा नंबर बदलला. मधलं नाव माझं आहे. भाडेकरू मुलीचं नाव त्यात घालावं असं मी सुचवणार होतो, पण ती सभासद नव्हती, आणि आता तीही गेली आहे. कागदाच्या कडा ओलीने पिवळ्या पडल्यात.

गेल्या रविवारी गच्चीवर गेलो आणि उगाच त्या लाल चाकाला हात घातला. हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, रंगाचे पोपडे तळव्याला चिकटले. खाली येऊन तेलाचा डबा घेतला, परत चढलो, दांड्याच्या बुडाशी थेंब थेंब सोडत बसलो आणि तेल मुरायची वाट पाहिली. टाकीखाली गार होतं, शेवाळाचा वास होता. मग कुरकुरत पाव फेरा फिरला, मग अर्धा, आणि मग एकदम सैल होऊन पूर्ण बंद झाला. मला इतका आनंद झाला की मी तसाच बसून राहिलो. तेवढ्यात खालून, चौथ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला.

“पाणी कोणी घालवलं हो?”

मी घाईघाईने चाक उलटं फिरवलं. उत्तर मात्र दिलं नाही.